गणेश दैवज्ञ आणि दृक्प्रत्ययाचा वारसा

सोळाव्या शतकाचा पूर्वार्ध हा युरोपच्या विद्येतिहासात विश्वरचनेच्या पुनर्विचाराचा काळ म्हणून ओळखला जातो. कोपर्निकसने आपल्या सूर्यकेंद्री मताची त्रोटक मांडणी १५१४ च्या सुमारास हस्तलिखित रूपाने विद्वन्मंडळीत फिरविली. त्याचा मुख्य ग्रंथ १५४३ मध्ये छापून निघाला. त्या मताच्याही पुढे जाऊन अनंत विश्वाची कल्पना मांडणारा जिओर्दानो ब्रूनो १५४८ मध्ये जन्मला आणि धर्मन्यायालयाच्या निर्णयानंतर १६०० मध्ये रोम नगरात जिवंत जाळला गेला. याच काळात कोकणच्या किनाऱ्यावर, आजच्या रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यातील नांदगाव या खेड्यात, गणेश दैवज्ञ हा ज्योतिषी ग्रहगणिताची नवी घडण करीत होता. त्याच्या ‘ग्रहलाघव’ या करणग्रंथाचा आरंभशक १४४२, म्हणजे इसवी सन १५२०, हा आहे. पुढच्या वर्षी नांदगावच्या उत्तरेस थोड्या कोसांवर असलेल्या चौलजवळ पोर्तुगीजांनी किल्ला बांधावयास घेतला. युरोप असा दाराशी येऊन ठेपला होता. तथापि ग्रहलाघवात पाश्चात्त्य गणिताचा मागमूसही नाही. जे आहे ते सर्वस्वी भारतीय सिद्धांतपरंपरेतून आलेले आहे.

कोपर्निकस आणि ब्रूनो यांच्यापुढील प्रश्न विश्वाच्या स्वरूपाचा होता. गणेशापुढील प्रश्न वेगळा होता. गणिताने सांगितलेला ग्रह आकाशात त्याच जागी दिसतो काय, आणि दिसत नसेल तर दोष कोठे शोधावयाचा, हा तो प्रश्न होय. पृथ्वी स्थिर मानूनच त्याने हा प्रश्न हाताळला. म्हणून त्याला ‘भारताचा कोपर्निकस’ म्हणणे सयुक्तिक ठरणार नाही. परंतु ग्रंथप्रामाण्य आणि प्रत्यक्ष यांच्या संबंधाविषयी त्याने जी भूमिका घेतली, ती त्या युगातील कोणत्याही देशाच्या विचारवंताच्या पंक्तीस बसण्याजोगी आहे. त्या भूमिकेचे पुढे काय झाले, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

पिता आणि पुत्र

गणेशाचा पिता केशव दैवज्ञ हा स्वतः मोठा ज्योतिषी होता. ‘ग्रहकौतुक’ हा त्याचा करणग्रंथ शके १४१८ (इ. स. १४९६) चा. त्यावरील स्वतःच्याच टीकेत केशवाने आपण घेतलेल्या वेधांची हकीकत दिली आहे. ब्राह्म, आर्य आणि सौर या तिन्ही पक्षांच्या ग्रंथांवरून काढलेले ग्रह आकाशातील ग्रहांशी जुळत नाहीत, असे त्यास आढळून आले. त्याने ते स्पष्टपणे नमूद केले आणि वर्तमान घटना पाहूनच ग्रहगणित साधावे, असे प्रतिपादिले. ग्रंथ चुकला तर आकाशाला दोष देण्याची किंवा अंतर झाकून नेण्याची वृत्ती त्याच्या ठिकाणी नव्हती.

केशवाने वर्तविलेले ग्रहण एकदा चुकले, तेव्हा त्याने नांदगावच्या गणपतीपाशी तप केले व त्या दैवतानेच पुत्ररूपाने जन्म घेतला, अशी एक आख्यायिका सांगतात. आख्यायिकेचे ऐतिहासिक मूल्य काहीही असो, तिच्यातील सूचक भाग ध्यानात घेण्याजोगा आहे. लोकस्मृतीने या घराण्याची कीर्ती एका चुकीशी आणि तिच्या दुरुस्तीशी जोडून ठेविली आहे.

गणेशाचा जन्मशक १४२९ धरला जातो. त्या हिशेबाने ग्रहलाघवाच्या आरंभशकी तो तेरा वर्षांचा ठरतो. परंतु करणाचा आरंभशक हा गणिताच्या सोयीसाठी निवडलेला असतो, ग्रंथसमाप्तीचा तो पुरावा नव्हे. ‘लघुतिथिचिंतामणी’ (शके १४४७), भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वरील ‘बुद्धिविलासिनी’ टीका (शके १४६७), ‘बृहत्तिथिचिंतामणी’ (शके १४७४) आणि ‘विवाहवृंदावन’टीका (शके १४७६) या त्याच्या पुढील कृती होत. प्रवासात जवळ बाळगता येईल अशा चाबकाच्या आकाराच्या प्रतोदयंत्रावरही त्याने स्वतंत्र प्रकरण लिहिले. बुद्धिविलासिनीत वर्तुळक्षेत्राची उपपत्ती देताना तो वर्तुळाच्या दोन अर्धांचे पाचरीसारखे तुकडे पाडून ते एकमेकांत बसवितो आणि त्यांचा आयत करून दाखवितो. नियमामागील कारण वाचकास डोळ्यांनी दिसावे, हा आग्रह त्याच्या टीकालेखनात सर्वत्र आढळतो.

‘लाघव’ या संज्ञेचा अर्थ

व्याकरणाच्या अभ्यासकास ‘लाघव’ हा शब्द परिचित आहे. प्रत्याहार, अनुबंध आणि अनुवृत्ती यांच्या योगे पाणिनीने साधलेला संक्षेप म्हणजे लाघव. अल्प साधनांनी संपूर्ण लक्ष्य व्यापणे हा त्याचा अर्थ. विषयाची काटछाट हा नव्हे. गणेशाच्या ग्रंथनामातील लाघवही याच अर्थाचे आहे.

ज्योतिषात गणितग्रंथांचे मुख्य प्रकार तीन. कल्पारंभापासून गणित करणारा तो सिद्धांत, युगारंभापासून करणारा ते तंत्र, आणि एखाद्या निवडलेल्या शकापासून करणारे ते करण. कलियुगाच्या आरंभापासून आजवर लोटलेले दिवस, म्हणजे अहर्गण, सुमारे १८ लक्ष ७२ हजार भरतात. एवढ्या मोठ्या संख्येस ग्रहगतीच्या गुणकांनी गुणणे हे पाटीवर हिशेब करणाऱ्याच्या दृष्टीने कष्टाचे व चुकीस वाव देणारे काम. गणेशाने यावर ११ वर्षांच्या चक्राची योजना केली. एका चक्रात ४०१६ दिवस येतात, आणि १३६ चांद्रमासांचे दिवसही जवळजवळ तेवढेच भरतात. उदाहरणार्थ, शके १९४७ साठी १४४२ वजा केले असता ५०५ उरतात. त्यांत ४५ चक्रे पूर्ण होऊन १० वर्षे शेष राहतात. गणकाने फक्त शेष वर्षांचे दिवस मोजावयाचे. पूर्ण झालेल्या चक्रांचा संस्कार ‘ध्रुवक’ या अंकाने होतो आणि आरंभशकाची ग्रहस्थिती ‘क्षेपक’ या अंकाने मिळविली जाते. त्यामुळे दिवसांची संख्या कधीही चार आकड्यांपलीकडे जात नाही.

दुसरे लाघव याहून धाडसाचे आहे. सिद्धांतग्रंथांत ग्रहस्पष्टीकरण, ग्रहण, छाया आणि उदयास्त यांचे गणित ज्या व चाप यांच्या साहाय्याने होते. त्यासाठी चोवीस ज्यांचे कोष्टक बाळगावे लागते. गणेशाने ज्याचापांस आपल्या ग्रंथातून पूर्ण रजा दिली. ग्रंथाच्या अखेरीस तो म्हणतो की, पूर्वीच्या प्रौढ आचार्यांनी ज्याचापांवाचून एखादीच गोष्ट साधली व तेवढ्याने ते गर्वाच्या शिखरावर चढले. येथे मात्र सर्वच गणित तसे साधले आहे. लगेच तो पुस्ती जोडतो की, याचा गर्व आपणास नसावा, कारण आपली बुद्धी वाढली ती त्यांच्याच शास्त्रावर.

कर्जतचे उदाहरण

ही रीत प्रत्यक्षात कशी चालते हे एका स्थळाच्या गणिताने स्पष्ट होईल. त्यासाठी नांदगावच्याच जिल्ह्यातील, परंतु समुद्रापासून आत असलेले कर्जत घेऊ. कर्जत व खालापूर हे तालुके घाटाच्या पायथ्याशी आहेत. कर्जतच्या पूर्वेस सह्याद्रीची मुख्य रांग उभी आहे, तर वायव्येस माथेरानचा डोंगर. नांदगावच्या किनाऱ्यावर पश्चिम क्षितिज समुद्रावर मोकळे मिळते. कर्जतला सूर्य डोंगरामागून वर येतो, म्हणजे गणिताने क्षितिजावर आल्यानंतर काही वेळाने दिसतो. अशा ठिकाणी सूर्योदयाची घटका नुसत्या पाहण्याने ठरविता येत नाही. ती गणितानेच काढावी लागते, आणि गणिताला स्थळाचे एक माप लागते. ते माप म्हणजे पलभा.

विषुवदिनी मध्यान्ही बारा अंगुळांच्या शंकूची जी छाया पडते ती त्या स्थळाची पलभा. दोन विषुवदिनांपैकी सप्टेंबरातील दिवस या भागात बहुधा ढगांत जातो. मार्चचा दिवस मात्र छाया मोजण्यास सोयीचा. कर्जतचे अक्षांश १८ अंश ५५ कलांच्या जवळ असल्याने तेथील पलभा सुमारे ४ अंगुळे ७ व्यंगुळे येते. नांदगावची पलभा ४ अंगुळांच्या लगत आहे.

या पलभेस अनुक्रमे १०, ८ आणि १० च्या तृतीयांशाने गुणावे, असा ग्रहलाघवाचा नियम आहे. येणारी तीन चरखंडे कर्जतसाठी साधारण ४१, ३३ आणि १४ पळे होतात. त्यांची बेरीज ८८ पळे. उत्तरायणाच्या अखेरीस दिनार्ध १५ घटकांपेक्षा तितक्या पळांनी मोठा असतो. म्हणून वर्षातील सर्वांत मोठा दिवस ३० घटका अधिक १७६ पळे, म्हणजे ३२ घटका ५६ पळे येतो. आजच्या मापाने हे १३ तास १० मिनिटे होतात. आधुनिक गोलीय त्रिकोणमितीने, वातावरणातील वक्रीभवन सोडून व सूर्यबिंबाचा मध्य धरून, हाच दिवस १३ तास ८ मिनिटांचा येतो.

दोन मिनिटांचे हे अंतर ज्या वगळल्यामुळे पडलेले नाही. प्राचीन ग्रंथांनी सूर्याची परमक्रांती २४ अंश मानली आहे. आज ती सुमारे २३ अंश २६ कला आहे. २४ अंश धरून ज्यांनीच गणित केले तरी उत्तर ८८ पळेच येते. याचा अर्थ असा की, १०, ८ आणि १० चा तृतीयांश या तीन अंकांत सूर्याची एक, दोन व तीन राशींच्या अखेरची क्रांती आणि तिच्यापासून निघणारे चर आधीच सामावलेले आहे. ज्या नाहीशी झालेली नाही. ती अंकांत मुरलेली आहे. गणेशाचे लाघव म्हणजे हे मुरविण्याचे कौशल्य होय. गुणाकार-भागाकार येणारा कोणीही जोशी आपल्या गावाची पलभा मोजून या ग्रंथावरून पंचांग तयार करू शकत असे.

दृक्प्रत्यय

ग्रहलाघवाचे खरे वैशिष्ट्य मात्र ग्रह कोणत्या पक्षाचे घ्यावयाचे या निवडीत आहे. सौर, आर्य आणि ब्राह्म हे तीन पक्ष म्हणजे तीन परंपरा. ज्योतिषी सामान्यतः एकीचा अभिमान धरून दुसरीचे खंडन करी. गणेशाने प्रत्येक ग्रहाचा निवाडा स्वतंत्रपणे केला. सूर्य आणि चंद्रोच्च सौर पक्षाचे. चंद्रही त्याच पक्षाचा, परंतु ९ कला कमी करून. मंगळ, गुरू आणि राहू आर्य पक्षाचे; शनी आर्य पक्षाचा, पण त्यात ५ अंश मिळवून. बुधाचे केंद्र ब्राह्म पक्षाचे, आणि शुक्राचे केंद्र ब्राह्म व आर्य यांच्या मध्यावरचे. असे घेतले असता हे ग्रह दृष्टीशी तुल्य होतात, एवढेच कारण तो देतो.

या निवडीचा तात्त्विक आशय मोठा आहे. व्याकरणात लक्षण आणि लक्ष्य असा भेद करतात. सूत्र हे लक्षण, भाषेतील प्रयोग हे लक्ष्य. आणि लक्षण लक्ष्यासाठी असते. गणेशाच्या दृष्टीने सिद्धांत हे लक्षण आणि आकाश हे लक्ष्य होय. सूर्यसिद्धांतासारखा अपौरुषेय मानलेला ग्रंथही त्याने या कसोटीतून सोडला नाही.

बृहत्तिथिचिंतामणीत तो याच्याही पुढे जातो. पूर्वीच्या आचार्यांचे ग्रंथ कालांतराने कसे शिथिल होत गेले व पुढील आचार्यांनी ते कसे सुधारले, याची परंपरा तो सांगतो आणि आपला ग्रंथही तिच्यातच बसवितो. दीर्घ काळाने आपलेही गणित सैल पडले, तर चंद्रग्रहणे आणि नक्षत्रांशी होणारे योग पुनःपुन्हा पाहून, योग्य उपपत्तीसह, त्यातील मूलांक हलवावेत, अशी तो पुढील पिढ्यांस स्पष्ट अनुज्ञा देतो. स्वतःच्या ग्रंथाच्या दुरुस्तीची रीत ग्रंथकाराने स्वतःच सांगून ठेवावी, ही गोष्ट कोणत्याही शास्त्राच्या इतिहासात विरळाच आढळते.

अंक राहिले, आज्ञा मागे पडली

ग्रहलाघवाचा प्रसार झपाट्याने झाला. गोदातीरावरील गोलग्रामचा दिवाकर हा गणेशाचा शिष्य. दिवाकराचे पुत्र मल्लारी आणि विश्वनाथ यांनी ग्रहलाघवावर टीका लिहिल्या. मल्लारीने नियमांच्या उपपत्ती दिल्या, विश्वनाथाने उदाहरणे सोडवून दाखविली. महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकापर्यंत पंचांगे मुख्यतः ग्रहलाघव व तिथिचिंतामणी यांवरूनच होत असत. परंतु या साडेतीन शतकांत गणेशाचे अंक जपले गेले आणि त्याची आज्ञा मात्र मागे पडली. दिवाकराचाच पणतू कमलाकर याने शके १५८० मध्ये काशीस ‘सिद्धांततत्त्वविवेक’ लिहिला. तो असामान्य बुद्धीचा गणिती होता. तरीही सूर्यसिद्धांताच्या वचनापुढे प्रत्यक्षास गौण लेखण्याकडे त्याचा कल होता.

मध्यंतरी अंक सैल पडतच होते. ग्रहलाघवाचा सूर्य सौर पक्षाचा असल्याने त्याचे वर्षमान प्रत्यक्ष नाक्षत्र वर्षाहून सुमारे साडेतीन मिनिटांनी अधिक आहे. ही चूक सव्वाचारशे वर्षांत एका दिवसाची होते. अयनांशांची गती ग्रंथात वर्षाला ६० विकला धरली आहे. ती वस्तुतः सुमारे ५०.३ विकला आहे.

चंद्राची गोष्ट अधिक सूक्ष्म व अधिक परिणामकारक आहे. परंपरागत गणितात चंद्रास मंदफल हा एकच मुख्य संस्कार दिला जातो. चंद्रगतीतील इतर मोठे फरक अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास त्या एका संस्कारात सामावून जातात, पण अष्टमीच्या आसपास उघडे पडतात. त्यामुळे ग्रहण पुष्कळसे बरोबर येई व त्यावरून सारे पंचांग बरोबर असल्याचा विश्वास बळावे. मधल्या तिथींत मात्र कित्येक घटकांचे अंतर राही. तिथी फार तर पाच घटकांनी वाढते व सहा घटकांनी घटते, हा ‘बाणवृद्धी-रसक्षय’ नियम याच अपुऱ्या गणितातून आला. सूक्ष्म गणिताने वृद्धी सातांपर्यंत व क्षय दहांपर्यंत जातो. एकादशीचा उपवास कोणत्या दिवशी करावयाचा, श्राद्धाची तिथी कोणती, असे घरोघरचे प्रश्न या फरकावर अवलंबून होते. येथे गणेशाच्या अनुज्ञेचे शब्द पुन्हा पाहावेत. त्याने ग्रहणांबरोबरच नक्षत्रयोगही पाहावयास सांगितले होते. चंद्राच्या नक्षत्रयुती महिनाभर होत असतात. त्या नियमाने टिपल्या असत्या, तर अष्टमीजवळचे अंतर लपून राहिले नसते.

ही आज्ञा का पाळली गेली नाही? पहिले कारण लाघवातच आहे. ज्या अंकांत उपपत्ती मुरलेली असते, ते अंक वापरण्यास उपपत्ती लागत नाही. सोय जितकी पूर्ण, तितके मूळ कारणाचे विस्मरण सुलभ. पाणिनीच्या सूत्रांना महाभाष्याची जोड मिळाली आणि ती अध्ययनात टिकली. ग्रहलाघवास मल्लारीची टीका मिळाली, परंतु व्यवसायी गणकास कोष्टक पुरेसे होते. दुसरे कारण संस्थात्मक. युरोपात १५८२ मध्ये दहा दिवस गाळून पंचांग सुधारले गेले, ते पोपच्या आज्ञेने. महाराष्ट्रात वेध घेणारी कायम वेधशाळा नव्हती आणि सर्वमान्य निर्णय देणारी सत्ताही नव्हती. तिसरे कारण सामाजिक. व्रतोत्सव सर्वांनी एका दिवशी करावयाचे असतात. एकट्याने बरोबर असण्यापेक्षा सर्वांबरोबर चुकणे समाजास कमी त्रासाचे वाटते.

पुनःप्रतिष्ठा

एकोणिसाव्या शतकात ही कोंडी फुटू लागली. अलिबागजवळच्या नागाव येथे जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे (१८२५–१८८४) यांनी पाश्चात्त्य कोष्टकांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा मराठी ग्रंथ १८६० मध्ये सिद्ध केला आणि पुढे नव्या गणिताचे पंचांग सुरू केले. काळ बदलल्याच्या खुणा घाटाखालीही दिसत होत्या. १८५६ मध्ये लोहमार्ग कर्जतवरून खोपोलीपर्यंत आला आणि १८६३ मध्ये बोरघाट चढून पुण्याकडे गेला. छापील पंचांग गावोगाव पोहोचू लागले, तसतशी गावच्या पलभेवर घटका काढणाऱ्या जोशाची गरज उणावली. चुकीचे अंतर आता एका गावापुरते राहिले नाही. ते छापून सर्वत्र जाऊ लागले, आणि म्हणूनच त्याविषयीचा वादही सार्वजनिक झाला.

शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’त केशव व गणेश यांचे स्थान साधार निश्चित केले. व्यंकटेश बापूजी केतकर यांनी ‘ज्योतिर्गणित’ लिहिलेच, शिवाय ‘केतकी ग्रहगणित’ हा संस्कृत श्लोकबद्ध करणग्रंथ रचून नवे मूलांक जुन्या शैलीत बसविले. गणेशाने ज्या दुरुस्तीची अपेक्षा केली होती ती हीच. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने १९०४ मध्ये मुंबईस भरलेल्या ज्योतिषसंमेलनात पंचांगशोधनाचा प्रश्न चर्चिला गेला. आरंभबिंदू रेवती नक्षत्राच्या ताऱ्यावरून घ्यावा की चित्रेवरून, या मतभेदामुळे एकवाक्यता मात्र लांबली. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला व २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. आज महाराष्ट्रातील बहुतेक पंचांगे दृक्‌गणितानेच होतात.

या घटनाक्रमाकडे ‘जुन्याचा पराभव आणि नव्याचा विजय’ म्हणून पाहण्याची प्रथा आहे. पंचांगवादात एका पक्षाने ग्रहलाघवाचा आधार घेऊन दुरुस्तीस विरोध केला आणि दुसऱ्याने दुरुस्तीसाठी ग्रहलाघव बाजूस सारले, त्यामुळे हा समज दृढ झाला. वस्तुतः पहिल्या पक्षाने गणेशाचे अंक राखले, पण त्याचे मत मोडले. दुसऱ्याने त्याचे अंक मोडले आणि त्याचे मत पाळले. परंपरेचे अनुयायित्व कशात असते, या प्रश्नाचा विचार करताना व्याकरण, धर्मशास्त्र किंवा ज्योतिष यांपैकी कोणत्याही शास्त्राच्या अभ्यासकाने हा दाखला समोर ठेवावा. ग्रहलाघवाचे अंक आज पंचांगकर्त्यास नित्य उपयोगाचे राहिलेले नाहीत. पण ते हलविण्याची अनुज्ञा गणेश दैवज्ञाने स्वतःच दिलेली होती, आणि ती अनुज्ञा हाच त्याच्या ग्रंथाचा न झिजलेला भाग आहे.